मोहाचा लाडू आणि आहेराच्या साड्या

गेल्या शनिवारी माहेरी गेले होते, नागभीडपासून थोडं आत. काम साधं होतं, मोहफुलं आणायची होती. पण तेव्हापासून डोक्यात जो गोंधळ चाललाय तो काही निस्तरत नाही, म्हणून इथे लिहितेय...

आम्ही ऊर्जानगरातल्या, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, काही बायका रविवारी सकाळी सायकल चालवतो. मधल्या थांब्यावर पूर्वी बिस्किटं, चिक्की, चकचकीत कागदातले एनर्जी बार असायचे. एकदा जंगलातल्या रस्त्याच्या कडेला एक माकड तसाच कागद चाटत बसलेलं दिसलं, आणि हातातला बार मला गिळवेना.

मग मी मोहाचे लाडू करायला लागले. भाजलेला मोह, तीळ, गूळ... स्टीलच्या डब्यात. कागद नाही, कचरा नाही, मनाला शांती.

मोह माझी वहिनी द्यायची. ग्रुपला लाडू एवढे आवडले की यंदा सगळ्यांनीच मोह मागितला. मी वहिनीला शब्द देऊन टाकला, जेवढा वेचशील तेवढा आम्ही घेऊ. त्या भरवशावर तिने गावातल्या व्यापाऱ्याला चक्क नाही म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी तिच्यासोबत शेतात गेले. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन टोकांना आमची दोन मोहाची झाडं, पलीकडे लगेच जंगल. वहिनीने पळसाची एक हिरवी फांदी तोडून माझ्या हातात दिली, कमरेची काडेपेटी काढली आणि पहिल्या झाडाखालच्या पाचोळ्याला काडी लावली.

आमच्याकडे बहुतेक जण हेच करतात. जमीन साफ असली की पहाटे पडलेली फुलं लगेच दिसतात, वेचायला सोपी. लहानपणी मीही हे पाहिलं असणार. पण डब्यातल्या लाडवाशी त्याचा संबंध कधी जोडलाच नव्हता.

वारा फिरला आणि आग जंगलाच्या बाजूला सरकली. आम्ही दोघी फांद्यांनी बडवत सुटलो. विझली. वहिनीला त्यात विशेष काही वाटलं नाही, मी मात्र घरी निघताना पुन्हा पुन्हा मागे वळून धूर बघत होते.

वाटेत मी हळूच म्हटलं, उद्या दुसऱ्या झाडाखाली जाळण्याऐवजी खराट्याने झाडलं तर? ती चालता चालता थांबली.

"तुमच्या तिथी चिमणी रातंदिस धूर सोडून राह्यली, बाई. तिले कोनी काई म्हणत नाई. माह्या झाडाखालचा पालाच दिसला तुमाले?"

त्या चिमणीवर माझ्या नवऱ्याची नोकरी आहे.

मग तीच जरा नरमली. भाऊ बल्लारपूरला कामाला, आठवड्याने घरी येतो. वेचणं, वाळवणं, सगळं हिच्या एकटीच्या कमरेवर, त्यात झाडायला वेळ कुठून आणणार... "मोह नाई पाह्यजे तं तसं सांगा," ती म्हणाली. "मी व्यापाऱ्याले नाई म्हणून बसली."

मोह घेतला तर त्या काडीत माझाही हात. नाही घेतला तर वहिनी तोच मोह पडत्या भावात व्यापाऱ्याला देणार, काडी लागायची ती लागणारच... आणि मी परत कागदातल्या बारवर.

रविवारी पहाटे वेचायला गेलो. काळ्या जमिनीवर फिकट पिवळी फुलं, टोपली बघता बघता भरली. वहिनीची पद्धत इतकी सोयीची निघाली की माझा गोंधळ आणखीनच वाढला. फक्त बोटं राखेने काळी झाली होती.

मोहाखाली जाळी बांधतात असं ऐकलं होतं. दुपारी नागभीडला जाऊन शोधली. हिरवी, मजबूत... आणि सगळी प्लास्टिकची. दुकानात ती हातात धरून बराच वेळ उभी राहिले आणि ठेवून परत आले.

वहिनीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग उठून पेटी उघडली. आत आहेराच्या साड्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. नेसवत नाहीत, टाकवत नाहीत आणि पुढे कुणाला द्यायचीही लाज वाटते, अशा.

संध्याकाळी दुसऱ्या झाडाखाली काडी लावण्याऐवजी आम्ही त्या साड्या एकमेकींना गाठी मारून बांधल्या, टोकं खुंट्यांना आणि खालच्या फांद्यांना. वाटेने जाणाऱ्या शेजारच्या भाऊंनी विचारलं, कोनाचं लगन हाय? वहिनी म्हणाली, ह्या मोहाचं.

ते गेल्यावर तिने साडीचा काठ बोटांत चोळून बघितला. "ह्यात कापसाचा एक धागा नाई, बाई. चालते का तुमाले?"

मी पुढच्या साडीची गाठ आवळली.

सोमवारी पहाटे साड्यांच्या झोळात फुलं गोळा झाली होती. राख नाही, वाकणं कमी. वहिनी कमरेची काडेपेटी घरी विसरली होती... की मुद्दाम ठेवून आली होती, मी विचारलं नाही.

मोह घेऊन आले आहे. उन्हाने त्या साड्या विरतील, त्यांचे धागे शेतात जातील, हे मला कळतं. रविवारी ग्रुपमधली कुणीतरी विचारेलच, लाडू आता एकदम शुद्ध ना? काय सांगू...

काल वहिनीचा फोन आला. पहिल्या झाडाखाली परत पाला पडलाय, तिकडे बांधायला साड्या असतील तर पाठवा. कपाट उघडून बसलेय. सिंथेटिक साड्या पटापट बाजूला निघाल्या. मग आईच्या जुन्या सुती साडीवर हात गेला, थोडा वेळ तिथेच राहिला आणि मी ती परत घडी करून आत ठेवली.

चालते का मला? अजूनही माहीत नाही, वहिनी. पण तू साड्या मागितल्यास, त्याबद्दल थँक्यू.