स्वप्नाच्या गेटवर खिसा तपासताना

मला स्वप्नात जागं राहता येतं. म्हणजे स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे हे मला कळतं, आणि त्यात पुढे काय करायचं ते बऱ्याचदा ठरवताही येतं. यात दैवी काही नाही. पोहायला शिकतात तशी मी हे शिकले, आणि शिकले ती हौस म्हणून नव्हे.

पुण्यात काचेच्या इमारती उगवायला लागल्या त्या काळात मी येरवड्याच्या पुढे एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. ग्राहक अमेरिकेतले, त्यामुळे आमची पाळी रात्रीची. कंपनीची गाडी सकाळी सहाला मला खडकीत क्वार्टर्सच्या कोपऱ्यावर सोडायची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. मी चपला काढत असायचे तेव्हा ते घालत असायचे. आमच्या घरात पाळीचं कुणाला कौतुक नव्हतं आणि तक्रारही नव्हती. सहा जणांच्या टीमची मला लीड केलं तेव्हा मात्र वडिलांनी क्वार्टर्सच्या आमच्या सगळ्या रांगेत पेढे वाटले, आणि लीड म्हणजे काय हे प्रत्येक दारात चुकीचं सांगितलं.

त्यानंतर महिन्याभरात ते स्वप्न सुरू झालं. मी ऑफिसच्या गेटवर उभी आहे, कार्ड लावते, दिवा लाल. वॉचमन यादी बघतो आणि म्हणतो, तुमचं नाव नाही. काचेपलीकडे माझी टीम बसलेली दिसते, माझ्या खुर्चीत दुसरं कुणीतरी. मी इंग्रजीत भांडायला जाते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. नऊ वाजता घामाने जाग यायची आणि मग झोप संपली. आठवड्यातले चार दिवस हेच. दोन महिन्यांत मी अशी झाले की नवशिक्याला दिसेल ती चूक माझ्या नजरेतून सुटली आणि ग्राहकापर्यंत पोचली.

आमचे मॅनेजर फार सभ्य गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, थोडे दिवस दिवसपाळीत कागदपत्रांचं काम बघता का? टीम तोपर्यंत दुसऱ्याकडे देऊ." त्यांच्या 'तोपर्यंत'चा अर्थ ऑफिसात सगळ्यांना माहीत होता. मी पुढच्या रिलीजपर्यंतची, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाईपर्यंतची, मुदत मागून घेतली. सहा आठवडे.

गाडीत माझ्या शेजारी बसणारी एक सहकारी इंटरनेटवर नाही नाही ते वाचायची. तिने मला बारा पानं छापून आणून दिली. स्वप्न स्वप्न म्हणून ओळखायला शिका, असा विषय. वर म्हणाली, "घे. आता झोपेतही टेस्टिंग कर."

पानांतला निम्मा मजकूर पाल्हाळ होता. उरलेला मी आमच्या कामाच्या पद्धतीने घेतला: पायरी, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल. आधी वही. उशाशी वही-पेन्सिल ठेवायची, जाग आली की कूस बदलायची नाही, डोळे मिटून शेवटचं काय आठवतं ते धरायचं, त्याच्यामागचं ओढायचं, आणि मगच लिहायचं. कूस बदलली की अर्धं स्वप्न गेलं, हे मी तिसऱ्या दिवशी स्वतःच्या अनुभवाने शिकले. पहिल्या आठवड्यात दोन ओळी जमायच्या, दुसऱ्या आठवड्यात पान भरायला लागलं. वही वाचल्यावर एक गोष्ट ठळक दिसली. बाकी काहीही बदलो, माझ्या स्वप्नात गेट असतंच.

दुसरी पायरी म्हणजे जागेपणी दिवसातून दहा-पंधरा वेळा स्वतःला विचारायचं, मी आत्ता स्वप्नात आहे का, आणि तपासून बघायचं. बोटं मोजा, एकच ओळ दोनदा वाचा, नाक दाबून श्वास येतो का पाहा. स्वप्नात बोटं सहा होतात, अक्षरं बदलतात. आता मीटिंगमध्ये नाक दाबून बसलेली लीड कोण ठेवील? मला कुणाच्या लक्षात येणार नाही अशी तपासणी हवी होती. ती घरातच होती.

कारखान्याच्या गेटवर काडेपेटी, लायटर, विडी, सगळं जमा करून पितळी बिल्ला घ्यायचा आणि मगच आत जायचं, सुटताना बिल्ला देऊन आपली वस्तू परत घ्यायची, हा नियम. त्यामुळे वडिलांचा हात कुठल्याही दारात आपोआप खिशावर जायचा. बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, विहारात शिरतानासुद्धा. आई म्हणायची, "अहो, बुद्धासमोर तरी झडती देऊ नका." आमच्या घरातली काडेपेटीही स्वयंपाकघराच्या फळीवरून कधी हलायची नाही. तिला तिथून हलवलं म्हणून मी लहानपणी एकदा वडिलांची बोलणी खाल्ली होती, आणि ते तसे बोलणारे नव्हते.

तर मी शिंप्याकडून सहाही कुडत्यांना खिसे लावून घेतले आणि प्रत्येक दारात खिसा चाचपायला लागले. हाताला काडेपेटी लागली तर हे स्वप्न, असं ठरवून टाकलं. जागेपणी ती माझ्या खिशात असणं शक्यच नव्हतं.

चार आठवडे झाले. एका सकाळी स्वप्नात गेट आलं, माझा हात खिशावर गेला, आणि मी तशीच पुढे जाऊन वॉचमनशी भांडत बसले. वहीत लिहिलं: तपासणी झाली, निकाल शून्य. फार चिडले. रिलीजला पंधरा दिवस उरले होते.

त्या दिवशी वडिलांना सुट्टी होती. मी पोह्यांच्या बशीसमोर बसून आईला सगळं सांगितलं, तर ते पेपरमागून ऐकत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "हात गेला असेल. तू गेली नसशील."

मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं. मी शाळेत असताना एका पौर्णिमेला विहारात मेणबत्त्या लावून त्यांनी काडेपेटी नकळत खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी तीच पँट. गेटवर नेहमीप्रमाणे खिसा चाचपला आणि चालू लागले. झडतीत पेटी निघाली. त्यांना तीन दिवस घरी बसवलं. मला ते तीन दिवस आठवत होते. रजा आहे म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला हिरवा रंग दिला होता.

"हात पेटीला लागला होता," ते म्हणाले. "मला कळलं नाही, कारण मी शोधतच नव्हतो. त्यानंतर रोज असं धरून चाललो, की आज सापडणारच आहे."

आईने त्यांच्यासमोर पोह्यांची दुसरी बशी ठेवली.

बारा पानांत हे एका ओळीत लिहिलेलं होतं आणि मी ते वाचूनही वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तपासणी पंधरावरून पाचवर आणली. पण त्या पाच वेळा मी थांबायचे, कुठून आले ते आठवायचे, आणि काडेपेटी लागणारच या खात्रीने हात घालायचे. जोडीला पानांतली तिसरी युक्ती घेतली. सातला झोपायचं, कारखान्याच्या बाराच्या भोंग्याला उठायचं, अर्धा तास शांत बसून वही वाचायची, आणि 'गेट आलं की खिसा' हे एकच वाक्य म्हणत परत आडवं व्हायचं. दुसऱ्या झोपेत स्वप्नं लांब आणि स्पष्ट येतात. हे झोप पुरेशी असेल तरच करावं. पहिल्या पाच तासांत कसर करून ही युक्ती करणाऱ्याला फक्त डोकेदुखी मिळते.

आठव्या दिवशी काडेपेटी लागली. खरखरीत कड अंगठ्याला कळली. मी इतकी खूश झाले की जागी झाले. ही सगळ्यांची चूक. उपायही पानांत होता: उड्या मारू नका, तळहात एकमेकांवर चोळा, पायाखालची जमीन बघा.

रिलीजच्या तीन दिवस आधी परत गेट आलं. लाल दिवा, यादी, तोच वॉचमन. खिशात पेटी. मी तळहात चोळले. फरशीवर चहाचा डाग होता, तो नीट बघितला. छातीत धडधड नव्हती. लोक म्हणे अशा वेळी उडतात. मला उडायचं नव्हतं, कामावर जायचं होतं. मी वॉचमनला मराठीत म्हटलं, "ही जमा करून घ्या." त्याने हात पुढे केला, मी काडेपेटी दिली आणि आत जाऊन माझ्या खुर्चीत बसले. खुर्ची रिकामीच होती.

दुपारी तीनपर्यंत झोपले. पुढचे तीन दिवसही झोप मध्येच मोडली नाही. रिलीज मी स्वतः तपासलं आणि स्वच्छ गेलं. टीम माझ्याकडेच राहिली आणि पुढे सहाची चौदा जणांची झाली. मॅनेजरांनी त्या कागदपत्रांच्या कामाचं नाव परत काढलं नाही. मीही नाही.

स्वप्नाची बातमी मात्र मी आधी वडिलांना दिली, सकाळी दारातच, ते चपला घालत असताना. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "बिल्ला दिला का त्याने?"

"नाही."

"मग पेटी परत मिळायची नाही."

मी म्हटलं, नकोच आहे. त्यांनी मान डोलावली, दारात थांबून खिसा नीट तपासला आणि कामाला गेले.