पोटातली दुर्बीण

नंदनवन वस्तीतल्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. तोंडातून दुर्बीण घालून पोट आतून बघायचं, म्हणजे एंडोस्कोपी, ती आमची खोली. चहाच्या सुट्टीत इथले किस्से सांगायला बसले, की सुट्टी संपते आणि किस्से उरतातच!

* * *

फॉर्म भरताना मी विचारते, "दारू घेता का?" एक काका म्हणाले, "लग्नाबिग्नात, थोडीशी."

शेजारून काकू म्हणाल्या, "सिस्टर, याईच्या गावात रोज लग्न असते!"

* * *

तपासणीला उपाशीपोटी यावं लागतं. एक टेम्पोवाले दादा आले, त्यांच्याआधी वास आला. "कालपासून घास नाही खाल्ला, सिस्टर! भेव वाटून राहिलं होतं, म्हणून फक्त एक क्वार्टर!"

दिलं परत पाठवून. पण त्या अवस्थेत टेम्पो चालवू नये, म्हणून ऑटो मीच बोलावून दिला.

* * *

एक रिटायर्ड गुरुजी हटूनच बसले. "इंजेक्शनच्या आधी तुम्ही स्पिरिट लावता ना? मंग दारूनं पोट साफच होत असन!"

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "खरचटलेल्या गुडघ्यावर लावून बघा, गुरुजी. पोटाचं आतलं अस्तर त्याहून नाजूक असतं."

गुरुजी कितीतरी वेळ गुडघाच चोळत बसले.

* * *

आणि हे रमेशभाऊ. इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानात कामाला. पोटात सतत आग. "बायकोच्या हातचं तिखट बाधते!" असं अकरा वर्षं सांगत आलेले. त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी, बिचारीनं घरातलं तिखटच बंद केलं. स्वतःही फिक्कंच खायच्या.

मॅडमनी सुमनताईंना पडद्यावर भाऊंचं पोट दाखवलं. अस्तर लालभडक, जागोजागी सोललेलं, रक्ताचे ठिपके. "ताई, हे तिखटानं नाही, दारूनं झालंय. सोडली तर भरून येईल. नाही तर उद्या रक्ताच्या उलट्या होतील."

सुमनताई मग हळूच म्हणाल्या, "मले वाटे, माह्याच हाताले दोष आहे."



तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. अस्तर छान गुलाबी! भाऊंनी थेंबही घेतला नव्हता. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून एक पुडी काढून बायकोच्या हातात ठेवली. भिवापुरी मिरचीचं तिखट.

"तुह्यासाठी आणलं वं."

सुमनताईंनी पुडी हुंगली आणि पदरात बांधली.

"आज झणझणीत रस्सा करते," त्या म्हणाल्या. "तुम्ही वरणभात खाजा!"