आजींनी खाल्लं होतं

आजी गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि मी त्यांना सांभाळायला होते. चोवीस तासांची. मी चंद्रपूरकडची. आठवीत शाळा सुटली आणि पुढे गावच्याच एका बाईबरोबर मुंबईत आले. घरोघरी सांभाळायला बायका पुरवणाऱ्या करी रोडच्या ब्यूरोने मला आजींकडे पाठवलं. आयुष्यात काही बरं झालं असेल तर ते हेच, असं मला आजही वाटतं.

आजींची एकुलती एक मुलगी परदेशात. मी त्यांना ताई म्हणायची. फोनवर त्यांच्या घरच्यांचा ग्रुप होता. दिवसभरात काय काय झालं ते मी त्यात लिहायचं, तेही इंग्रजीत, कारण जावई मद्रासकडचे आणि नातवंडांना मराठी वाचता येत नव्हतं. ब्यूरोच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, "केलेलं लिहायचं. वाटलेलं लिहायचं नाही. आपण डॉक्टर नाही."

मग मी लिहायची, "आजी हॅड टेकन टॅब्लेट." "आजी हॅड ईटन." मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गोळी देऊन झाली, ग्लास धुऊन पालथा घातला, मग फोन हातात घेतला. म्हणजे गोळी घेतली होतीच ना? बोलताना आपण असंच बोलतो. संध्याकाळी गावाहून आईचा फोन यायचा, "जेवली का वं?" की मी म्हणायची, "हो, मघाशीच जेवली होती." तिला तेवढ्यावर समाधान.

ताईंना मात्र नव्हतं. एकदा त्यांनी फोन केला, मी तो स्पीकरवर ठेवला. "अगं, तू 'हॅड ईटन' लिहितेस ना, ते मला अर्धंच वाटतं. खाल्लं होतं, पण? पुढे काय झालं? उलटी झाली? पडली? मी ऑफिसात तो 'पण' शोधत बसते."

"पण काहीच नाही ताई. खाल्लं आणि झोपल्या."

"मग 'हॅज' लिही. आत्ताच झालं, सगळं ठीक आहे. हॅज."

पलंगावरून आजी ओरडल्या, "तिला काय शिकवतेस? मी जन्मभर फोर्टातल्या ऑफिसात 'आय हॅड सेंट द फाइल' टाइप केलं. फायली पोचल्या की नाही?"

"आई, तू गप्प बस."

"बघ, आईला गप्प बस म्हणते. हे लिही हो तुझ्या ग्रुपवर."

त्यानंतर ताई मला रविवारी फोनवर थोडं थोडं शिकवायच्या. माझ्यासारखीला कोण शिकवतं? मी आपली लिहायला बसले की घाबरायची. बोट हॅडवरच जायचं. खोडायची, हॅज करायची, पुन्हा वाचायची. इकडे माझं इंग्रजी सुधारत होतं आणि तिकडे आजी कमी कमी होत होत्या.

ते अंगाला हात लावणाऱ्यालाच कळतं. आंघोळ घालताना पाठीचे मणके हाताला लागू लागले. मनगटातली बांगडी हात वर केला की कोपरापर्यंत घरंगळायची. पोळी बंद झाली, मग मऊ भात, मग भाताची नुसती पेज. दोन चमचे झाले की आजी तोंड फिरवायच्या. "झालं. लिही, खाल्लं म्हणून." मी लिहायची. खोटं नव्हतंच ते. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, वयच आहे, बाकी काही नाही, अशा वर्ष वर्ष काढतात.

मी मॅडमना विचारलं, घरच्यांना कळवू का? त्या म्हणाल्या, "उद्या त्या विमान करून आल्या आणि बाई ठणठणीत निघाली, तर नाव ब्यूरोचं जातं."

तरी मी कळवलं. दूध आणायच्या निमित्ताने खाली उतरले आणि जिन्यात उभी राहून ताईंना फोन लावला. इंग्रजी नाही, काही नाही. म्हटलं, "ताई, मला काही कळत नाही, पण तुम्ही या."

ताई आल्या. आणि आजी उठून बसल्या. खरंच सांगते, मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. वेणी घालून घेतली, गॅलरीत खुर्ची टाकायला लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारल्या. साबुदाण्याची खिचडी मागितली आणि ताईंच्या हातून वाटीभर खाल्ली. वर मलाच टोमणा, "ही मला पेज पाजते गं. आजारी असल्यासारखी."

मी ओट्याशी उभी. आनंदही झाला होता आणि लाजही वाटत होती.

जाताना ताईंनी मला जवळ घेतलं. "घाबरलीस उगाच. पण बरं केलंस, निदान भेट झाली." एका शब्दाने रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. इतकं चांगलं वागणाऱ्या माणसाला पुन्हा कुठल्या तोंडाने बोलवायचं?

टॅक्सी गेली तशा आजी आडव्या झाल्या. "आता मला दमू दे," म्हणाल्या. आणि मग, डोळे मिटूनच, "तिला परत बोलवायचं नाही. तिची रजा संपली. माझी शपथ आहे तुला."

पुन्हा दोन चमचे. पुन्हा मी ग्रुपवर, "आजी हॅज ईटन." ताईंचं उत्तर आलं, "व्हेरी गुड! इंग्रजी एकदम छान." मी तो मेसेज कितीतरी वेळा वाचला. त्याखाली लिहायला माझ्याकडे एक ओळ होती. मराठीतही होती. पण डॉक्टरांचं म्हणणं एक, मॅडमचं एक, आजींची शपथ, आणि माझं एकदा सांगून झालेलं.

एका दुपारी पेजेचा चमचा ओठाला लावला, तर पेज तशीच बाहेर आली. शेजारचे काका धावत आले, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मान हलवली.

मी ताईंना फोन लावला. त्या पलीकडे झोपेतून उठल्या होत्या. सांगितलं. दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "काल तर खाल्लं लिहिलं होतंस."

"खाल्लं होतं, ताई."

"किती?"

"दोन चमचे."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी?"

"तेवढंच."

मला शपथेचं सांगायचं होतं, पण ज्या माणसाने घातली ते समोर चादरीखाली होतं. त्यांच्यावर कसं ढकलू?

काका दारात येऊन हळूच म्हणाले, "विचार ना पोरी त्यांना, त्या येईपर्यंत थांबायचं का? लोकं जमलीत. थांबायचं तर बर्फाच्या व्यवस्थेचं सांगावं लागेल."

मी विचारलं. हे विचारायचं काम माझ्यावर कसं आलं, मला कळत नव्हतं.

"नको," ताई म्हणाल्या. "थांबवू नका तिला. मला फक्त बघू दे. फोन धर."

मी व्हिडिओ चालू करून फोन धरला. उजेड मागून येत होता, आजींचा चेहरा त्यांना नीट दिसेना. काकांनी मागून माझा कोपर धरून फोन नीट वळवला. गॅलरीत बायका दबक्या आवाजात बोलत होत्या, खाली कुणीतरी बांबू आणून टाकले, त्याचा आवाज झाला.

"कसला आवाज?" ताईंनी विचारलं.

"काही नाही ताई," मी म्हटलं आणि फोन आजींच्या आणखी जवळ नेला.