मागच्या सीटखालचा आवाज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मुर्रीपासून दवनीवाड्यापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, ती सगळी माणसं माझ्याशी मोठ्यानं बोलतात. का बोलतात, तेवढंच सांगायचं आहे. पण सरळ तिथे पोचता येत नाही मला. आधी पंपाचं सांगू द्या.

जुन्या पेट्रोल गाडीत पंप टाकीत बुडालेला असतो, मागच्या सीटच्या खाली. गाडी सुरू होत नसली की स्टार्टर मारत बसायचं नाही. किल्ली अर्धी फिरवायची आणि ऐकायचं. दोन सेकंद बारीक घुर्र असा आवाज येतो आणि थांबतो. आला, तर पंप जिवंत आहे, दोष दुसरीकडे शोधा. नाही आला, तर पंपाकडे वळा. एवढंच. पण आजूबाजूला ट्रक जात असतात, कुणी बोलत असतं, आणि तो आवाज तर माणूस झोपेत श्वास घेतो तेवढा.

हे मला हिवराजकाकानं शिकवलं. तो माझा सख्खा काका नव्हे. मुर्रीच्या पुढे रस्त्याकडेला त्याचं गॅरेज होतं, मी एकोणिसाव्या वर्षी तिथे लागलो आणि तिथलाच झालो. काका सीट उचलून पत्र्याला कान लावायचा, डोळे मिटायचा. मी किल्ली फिरवायचो. मग तो म्हणायचा, "बोलून राहिला," नाहीतर, "मेला." कधी चुकला नाही. लोक लांबून यायचे ते त्या कानासाठी. मी पंचवीस बोल्ट खोलायचो आणि ते म्हणायचे, हिवराज मिस्त्रीनं गाडी केली.

मला हे सलत होतं का? हो. वीस वर्षं सलत होतं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दवनीवाड्याचे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांची जुनी गाडी ओढून आणली होती. देवरीला भाचीचं लग्न होतं दुसऱ्या दिवशी. स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडत नव्हतं. मी बोनेट उघडलं आणि मला कोपऱ्यात धानाची तुसं दिसली. गुरुजींची गाडी धानाच्या पोत्यांजवळ उभी असायची. बोनेटखाली तूस म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे कुरतडलेली वायर. आमच्या भागात हे कुणाही मिस्त्रीला कळतं. मी सांगणारच होतो—खरंच सांगणार होतो का? माहीत नाही. काका तोवर मागे जाऊन सीट उचलून बसला होता.

मी किल्ली फिरवली. पुढच्या सीटवर बसूनही मला पंप स्पष्ट ऐकू आला. काकानं डोळे उघडले. "फिरव नं," म्हणाला. मी फिरवलीच होती. परत फिरवली. पंप परत बोलला. काकाचा चेहरा तसाच, वाट पाहणारा. तेव्हा मला कळलं. त्याचा कान गेला होता. किती दिवसांपासून—कुणास ठाऊक. 

त्यानं मला विचारलं, "तुले आयकू आला का रे?"

गुरुजी बाजूला उभे होते. आणखी दोघंतिघं होते. मी म्हणालो, "नाही जी, काका."

हेच. हीच ती गोष्ट. पुढे बरंच घडलं, पण ते सगळं या तीन शब्दांतून आलं.

नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की चारचौघांत काकाचा कान गेला असं कसं बोलायचं, म्हणून मी त्याची बाजू राखली. खोटं आहे. राखायची असती तर मी "आला" म्हणालो असतो आणि त्यानं मान हलवून बोनेटकडे चल म्हटलं असतं. कुणाला काही कळलंही नसतं. मला तो चुकलेला पाहायचा होता. एकदा तरी.

काकानं फ्यूज पाहिला, टेस्ट लॅम्प लावला. पंपापर्यंत करंट पोचत होता. करंट आहे आणि आवाज नाही, म्हणजे पंप मेला. त्याचं काही चुकलं नाही. त्याला मिळालेली साक्ष खोटी होती. नवा पंप बसवेपर्यंत दुसरा दिवस उजाडून बारा वाजले. गुरुजींच्या घरची मंडळी बसनं देवरीला गेली, गुरुजी गाडीपाशी थांबले. नवा पंप बसला, किल्ली फिरवली, गाडी तशीच. काका बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारत राहिला. मग मी पुढे झालो. खाली हात घालून इंजिनाच्या सेन्सरची कुरतडलेली वायर वर काढली, सोलली, जोडली, दुसरी बॅटरी लावली. पहिल्या झटक्यात गाडी सुरू.

गुरुजींना भाचीचं लग्न चुकलं होतं, ते चिडलेले होते. म्हणाले, "काऊन जी मिस्त्री, कानात तूस गेला का तुमच्या?" सगळे हसले. काकाही हसला. मीही.

लोक पांगल्यावर काकानं जुना पंप उचलला आणि दोन वायरी बॅटरीला लावल्या. पंप त्याच्या तळहातावर थरथरला. तो त्याच्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता कळलं याला. मी मार खायलाही तयार होतो. काका माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती.

"माहे कान तं म्हातारे झाले," तो म्हणाला. "तुहे काऊन गेले रे?"

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी खोटं बोललो असेन, हे त्याच्या मनातच आलं नाही.

त्याच आठवड्यात तो मला गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. स्वतःला नाही, मला. एका छोट्या खोलीत बसवून त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. काचेपलीकडे काका उभा होता. सगळे आवाज मला ऐकू येत होते, अगदी बारीकसुद्धा. आणि मी दर दोन आवाजांनंतर एक सोडत गेलो. खोटं बोलायला तोंडही लागत नाही, हे त्या दिवशी कळलं. डॉक्टर म्हणाले, थोडं कमी आहे. ठोकाठोकीच्या कामात होतं असं. कानात कापूस घालत नव्हता का?

बसमध्ये काका एवढंच म्हणाला, "मीच तुले कधी कापूस देल्ला नाही."

त्यानंतर त्यानं कुठल्याच गाडीला कान लावला नाही. तुसाची गोष्ट गावोगाव गेली होती. लोक आता मला विचारत येऊ लागले—मला हवं होतं तसंच. काका बाकावर बसून प्रत्येकाला आधी बजावायचा, "त्याच्याशी जरा जोरानं बोला जी, त्याले कमी आयकू येते." अजूनही बोलतात. बायको म्हणते, घरात बरं सगळं आयकू येते तुमाले! मी हसतो.

काका आता चौऱ्याहत्तरचा आहे. त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. रविवारी मी मुर्रीला त्याच्या अंगणात जाऊन बसतो. तो खुर्ची माझ्यासमोर ओढतो, तोंड माझ्या तोंडासमोर आणतो, आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं, माझ्यासाठी बोलतो. पावसाचं, धानाचं, गुडघ्याचं. दम लागतो त्याला. मधेच थांबून विचारतो, "आयकू आला का रे?"

"आला, काका," मी म्हणतो.

ते त्याला ऐकू जात नाही. मग मी मान हलवतो.