अकरा गिऱ्हाइकं

देवासला कारखान्यातलं आमचं खातं बंद झालं, त्या वर्षाबद्दल कुणी विचारलं तर मला सांगण्यासारखं फारसं सापडत नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं ते वर्ष गेलं. सकाळी दाढी करायचो, इस्त्रीचा शर्ट घालायचो आणि पुढच्या खोलीत बसायचो. पोटाची अडचण नव्हती. बायको शाळेत शिकवते. ती डबा घेऊन गेली की घरात पंख्याचा आवाज तेवढा उरायचा.

एक काम मात्र चालू होतं. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचा नाद असलेल्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मी आहे. महूच्या छोट्या लाइनवर, म्हणजे मीटरगेजवर, धावायचं ते डिझेल इंजिन आम्हाला बनवून घ्यायचं होतं. वीतभर लांबीचं, पण रुळावर चालणारं. परदेशी इंजिनं बाजारात हवी तेवढी मिळतात, आपलं कुणी बनवत नाही. बनवणारा म्हणाला, साचे महाग पडतात. ठरल्या तारखेपर्यंत पुरेशा लोकांनी आगाऊ पैसे भरून नाव नोंदवलं तर करतो, नाहीतर ज्याचे त्याला परत आणि विषय संपला. एका नावावर एकच इंजिन, म्हणजे व्यापारी घुसायला नकोत. या इंजिनाचे नकाशे मी काढले होते. कारखान्यात मी मोजमापाच्याच खात्यात होतो. भंगारात जायच्या आधी उभ्या असलेल्या एका इंजिनाला टेप लावून मी माप न् माप घेतलं होतं. वीतभर इंजिन झालं नसतं तर माझ्या हातचं शेवटचं काम कागदावरच राहिलं असतं. तेवढं होऊ नये, इतकंच मला त्या वर्षी हवं होतं.

छोटी लाइन माझ्या ओळखीची. माझे वडील धारला आचारी होते. महाराष्ट्रातून आलेल्या जुन्या घराण्यांत लग्न, मुंज, श्राद्ध असलं की चूल त्यांच्याकडे. अकोल्याकडूनही बोलावणं यायचं. धारला गाडी नाही, म्हणून बसने महू आणि पुढे छोटी लाइन. झारे-पातेल्यांचं पोतं डब्यात चढवलं की मी त्याच्यावर बसायचो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी. हे मी सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे.

तारीख जवळ आली आणि ग्रुप चालवणारे पुण्याचे गृहस्थ म्हणाले, अकरा नावं कमी पडतायत. मी लिहिलं, "अकरा मी देतो. माळव्यातून."

बायकोने वाचलं. "अहो, माळव्यात कोण घेणार वीतभर इंजिन? शेजारचे भिया तर विचारतात, साहब दिनभर पटरी क्यों बिछाते रहते हैं."

"धारला विचारतो."

"धारला? जिथे खरी गाडी यायचीय अजून?"

तिचं बरोबर होतं. तरी इंदूरला बस बदलून मी धारला गेलो.

ज्या वाड्यावर वडिलांनी सगळ्यात जास्त वर्षं स्वयंपाक केला, तिथल्या बाईसाहेब आता थकल्यात, पण धारच्या मराठी घरांत त्यांचा शब्द चालतो. वाडा विकला, आता सिमेंटच्या दोन मजल्यांत राहतात. सोमवारी त्यांच्याकडे भजनाला बायका जमतात, त्याच वेळेला मी पोचलो. मी नकाशा पसरला, फोनवर चित्रं दाखवली, आगाऊ नोंदणी कशी असते ते सगळं सांगितलं. बायका माना डोलावत होत्या.

"म्हणजे कार्य मोठं काढलंयस तू," बाईसाहेब म्हणाल्या.

"कार्य नाही, बाईसाहेब. नोंदणी आहे."

"तेच रे."

त्या आत गेल्या. येताना ताम्हन घेऊन आल्या. त्यात विड्याची पानं, सुपारी, नारळ. कनवटीचे, पर्समधले, कुणी फोन करून घरून मागवलेले पैसे त्यात पडत गेले. मग ते ताम्हन त्यांनी माझ्यापुढे धरलं. "घे. तुझ्या वडिलांना या घरातून कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही."

"पण नावं? इंजिन कुणाच्या नावाने—"

एक बाई हसल्या. "दक्षिणा देऊन नाव कोण सांगतं, भाऊ? आणि आम्ही इंजिन घेऊन काय करू? देवघरात ठेवू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी ओंजळ पुढे केली, वडील करायचे तशी, आणि सगळं पिशवीत घालून परतलो. बसमध्ये नारळ पायापाशी गडगडत होता, तो उचलायचंही सुचलं नाही.

घरी बायकोने पैसे मोजले. अकरा इंजिनांचं आगाऊ भरून थोडे वर उरत होते. मी पुण्याला फोन लावला.

"अहो, मग अडलंय कुठे?" गृहस्थ म्हणाले. "नावं टाका कुणाचीही. भाचे, पुतणे, मेहुणे. झालं काम."

बायको म्हणाली, "माझे तीन भाऊ लिहा. त्यांना विचारायलाही नको."

मी कागद घेतला. एक नाव लिहिलं आणि थांबलो. यात चूक काय, हे मला तेव्हा मुद्देसूद सांगता आलं नसतं. पण माझं काम विड्याच्या पानावर उभं राहणार होतं, आणि घेणारा एकही माणूस नव्हता. वडिलांनी दक्षिणा घेतली ती त्यांच्या हक्काची, त्यांनी रांधलं होतं. मी काय रांधलं होतं?

दुसऱ्या दिवशी परत धार.

बाईसाहेब एकट्याच होत्या, तांदूळ निवडत होत्या. मी पैसे त्यांच्यासमोर ठेवले.

"हे काय? दिलेली दक्षिणा परत?" त्यांचा हात सुपातच राहिला. "आमच्या घरात असं कधी झालेलं नाही."

"बाईसाहेब, मी आचारी नाही. बी.एस्सी. झालोय. मला दक्षिणा नको, गिऱ्हाईक हवंय. ज्याला वस्तू हवी त्याने पैसे द्यावेत. नको असेल तर देऊ नयेत."

"वडिलांसमोर बोलला असतास असं?"

"नसतो बोललो."

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मला वाटलं, आता उठावं. मग म्हणाल्या, "त्या गाडीत मी बसलेय. लग्न होऊन अकोल्याहून आले ती त्याच गाडीने. बोगद्यात धूर डब्यात आला होता. तेच इंजिन का हे?"

"नाही. ते कोळशाचं. हे त्याच्या नंतरचं, डिझेलचं. पण गाडी तीच."

"मग तसं आधी सांगायचं." त्यांनी पैशांतून एका इंजिनाचे वेगळे काढले. "हे माझे. माझं नाव घाल. बाकीचे ज्यांचे त्यांना मी पोचवीन. आणि वस्तू आली की घरी आणून द्यायची. पावती आत्ता."

मी पावती लिहून दिली.

दहा नावं कमीच राहिली. तारखेला ग्रुपवर निरोप आला की इंजिन होणार नाही. कुणी हात जोडलेले पाठवले, कुणी रडका चेहरा. मी फोन खाली ठेवला आणि शर्टाला इस्त्री करायला घेतली.

पैसे खात्यावर परत आल्यावर मी तिसऱ्यांदा धारला गेलो. बाईसाहेबांना सांगितलं, इंजिन झालं नाही. त्यांनी पैसे घेतले, चष्मा लावून मोजले, पावती माझ्या हातात परत दिली. "झालं असतं तर घेतलं असतं मी," म्हणाल्या.

"माहीत आहे."

सुनेने कपबशीतून चहा आणला. आम्ही दोघांनी तो समोरासमोर बसून प्यायला, आणि मी दुपारची बस पकडली.