मेंढवाड्यातलं अळू

अळू बघितलं की मला माझे सासरे आठवतात. मल्हारी मामंजी. निम्मा जन्म मेंढरांमागं हिंडलेला माणूस, बहात्तरच्या दुष्काळानंतर वडगाव रासाईत रान धरून बसला. कळप धाकट्या भावाला, भैरूला दिला. थोडकी मेंढरं मात्र सुटली न्हाईत. त्यांच्यावर एवढा जीव, की सून उपाशी हाय का ते विचारायचे न्हाईत, पण मेंढरू रवंथ करतंय का ते बघून यायचे.

आन् रान तरी कसलं, डबकंच ते. कालवा पाझरून ज्वारी सडायची, म्हणून तिथं भात लावला. भातातलं आमच्या घरात कुणाला ओ की ठो कळत न्हवतं. लावणीआधी खाचरात भैरूचा कळप बसवून लेंडीखत केलं, कोरड्या रानात करायचे तसंच. पुढं पावसानं खाचर तुंबलं, तसं मामंजींनी बांधाचं खालचं तोंड फोडलं. काळंशार पाणी घळाघळा गेलं ते थेट ताईबाईच्या आडात.

ताईबाई बौद्धवस्तीतली, खालच्या रानाची मालकीण. आड तिनं आन् तिच्या नवऱ्यानं हातानं खणलेला. नवरा गेला, आड तेवढा राहिला. गावच्या विहिरीवर तिला काय काय ऐकून घ्यावं लागायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच न्हवतं.

ती भांडली न्हाई. घाण पाण्याचा तांब्या मामंजींपुढं ठेवला आन् म्हणाली, "आबा, आता मी परत गावच्या विहिरीवर जाऊ व्हय?"

मामंजींनी आड उपसून दिला. पण पाऊस काय संपला न्हवता. पाणी सोडावं तर आड नासतोय, कोंडावं तर भात कुजतोय. राहिली बाजूची वाट, ओढ्याकडची, आन् तिच्या मधोमध मेंढवाडा. अख्ख्या रानात तेवढीच जागा कोरडी. मामंजींनी तिथूनच चर काढला, मेंढवाडा खणून खाली घेतला, त्यात अळू लावलं. खताचं पाणी अळूनं प्यायचं, निवळलेलं तेवढं ओढ्याला जायचं.

ओल्यात मेंढरांचे खूर सडतात. राहिलेलीही भैरूकडं गेली. त्या दिवशी मामंजी जेवले न्हाईत. मला भारी राग आला. म्हटलं, त्यापेक्षा ताईबाईला दुसरा आड खणून दिला असता.

"मेंढरू कुठंबी पाणी पितं, पोरी," ते म्हणाले. "तिला कोण पिऊ देतंय?"

भात पिकला. अळू तर असं माजलं, की आमच्या घरात फतफतं खाऊन पोरं कंटाळली. ताईबाई पानं न्यायला यायची आन् मामंजींशी बोलत बांधावर बसायची. किती गोड दिवस होते ते.

दिवाळीनंतर भैरूचा कळप आमच्या बांधावरून जायचा. त्यातली आमचीच एक म्हातारी मेंढी दरसाल फुटायची, जुन्या मेंढवाड्यात येऊन चिखलात उभी राहायची. मामंजींच्यानं तिला हाकलवायचं न्हाई. ते पाठ करून अळू खुडत बसायचे. मग ताईबाईच उठायची, आपल्या आडाची बादली भरून आणायची आन् तिच्यापुढं ठेवायची.