एक दात मागे

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कोणी काहीही सांगितलं की 'पुन्हा करून दाखवा' म्हणायची सवय. त्यामुळे भुतंखेतं, संकेत असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मंदारच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हासुद्धा मला एवढंच वाटलं की पुण्यात आता कबुतरंच फार झालीत. तरी हे लिहितेय... हसलात तरी चालेल.

मंदार माझा नवरा. गेल्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला. खराडीच्या फ्लॅटमध्ये आता मी आणि माझे सासरे, अप्पा. अप्पा मूळचे सदाशिव पेठेतले, बँकेतून रिटायर झालेले. खराडीला पुणे म्हणायला ते अजून तयार नाहीत. मंदारची कॉलेजपासूनची शंभर सीसीची मोटारसायकल होती. शेवटी शेवटी ती त्रास द्यायला लागली – किक उलटी मारायची, सायलेन्सरमधून फटाके फोडायची. व्हॉल्व्हचं काम असेल म्हणून त्यानं इंजिन उतरवून ड्राय बाल्कनीत उघडलं, आणि ते तसंच राहिलं. नट-बोल्ट बिस्किटांच्या डब्यात पडून होते.

त्याला पाने-पक्कड देता देता मलाही बरंच येऊ लागलं होतं. त्यात सोसायटीची नोटीस आली, पार्किंगमधल्या बंद गाड्या उचलणार म्हणून. मंदारची गाडी भंगाराच्या टेम्पोत चढलेली मला बघवली नसती. एका शनिवारी सकाळी मी इंजिन पाटावर ठेवलं आणि जोडायला बसले.

"पाटावर बसवलंयस, आता वाढ त्याला," अप्पा म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – पिस्टन वर-खाली होतो आणि त्याच्या तालात वरचे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. त्यांना उघडतो तो कॅम, आणि कॅमचं दातेरी चक्र खालून आलेली चेन फिरवते. खाली पिस्टनच्या शाफ्टवर मॅग्नेट नावाचं एक चाक असतं, ठिणगीची वेळ ठरवणारं; त्यावर T अशी खूण असते. ती जागेवर आणली की पिस्टन पूर्ण वर आला असं समजायचं, आणि तेव्हा वरच्या चक्रावरची खूण हेडवरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या वरच्या भागावरच्या, खाचेसमोर पाहिजे. चेन चुकीच्या दातावर बसली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकू शकतो. या मॉडेलचं हेड आता मिळत नाही. म्हणजे चुकलं की भंगार.

खुणा जुळवल्या. चक्राचे बोल्ट आवळले, चेनला ताण दिला, बाजूचं गोल झाकण लावलं. जेवून आल्यावर सवयीनं पुन्हा तपासलं. खाली T जागेवर. वरची खूण एक दात मागे.

माझंच चुकलं असणार. पुन्हा बसवलं, फोटो काढून ठेवला. रविवारी सकाळी झाकण काढलं तर पुन्हा एक दात मागे! फोटोत मात्र खूण खाचेसमोरच होती.

कमेंटमध्ये लिहिण्याआधी सांगते – चेन ढिली नव्हती, बोल्ट घट्ट होते. बोल्ट काढून चक्र सुटं केल्याशिवाय चेन दात सोडू शकत नाही. म्हणजे कोणीतरी पाना घेऊन बसलं होतं, आणि घरात आम्ही दोघंच. मी ती गाडी चालवू नये असं अप्पांचं मत होतं, ते त्यांनी लपवलंही नव्हतं.

मी सरळ विचारलं, "अप्पा, तुम्ही इंजिनाला हात लावताय का?"

"मला घरातला बल्ब बदलता येत नाही, अनघा," ते म्हणाले. "आणि येत असता, तरी ही विचारायची पद्धत नव्हे."

त्या दिवशी ते ताट घेऊन आपल्या खोलीत गेले. मला वाईट वाटलं, पण संशय काही गेला नाही.

पुढच्या शनिवारी मी त्यांना बाल्कनीत बोलावलं. म्हटलं, तुमच्यासमोर बसवते. ते खुर्ची घेऊन, चष्मा लावून बसले. T दोघांनी पाहिली, वरची खूण दोघांनी पाहिली. मी बोल्ट आवळले, झाकण लावलं. भर सकाळ होती, खाली कचऱ्याची गाडी वाजत होती. थर्मासमधला चहा आम्ही तिथंच घेतला, कोणीही उठलं नाही. मग झाकण काढलं.

एक दात मागे.

अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा खूण पाहिली. मग म्हणाले, "मला वाटत होतं तूच सरकवतेस. त्याचं काम संपू नये म्हणून."

मला रागच आला. "आणि मला वाटत होतं तुम्ही. मी गाडी चालवू नये म्हणून."

"ती चालवू नयेस असं मला अजूनही वाटतं," अप्पा म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो. घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

हसल्यामुळे असेल, डोकं जरा चाललं. दर वेळी तंतोतंत तेच चुकत असेल तर दोष बहुतेक भलतीकडेच असतो, हे मी ऑफिसात रोज दुसऱ्यांना सांगते. प्लगच्या भोकातून एक स्ट्रॉ पिस्टनवर टेकवली आणि इंजिन हातानं फिरवलं. स्ट्रॉ सगळ्यात वर आली, तेव्हा T भलतीकडेच होती. मॅग्नेट काढलं. त्याला शाफ्टवर धरून ठेवणारी छोटी चावी, म्हणजे खाचेत बसणारा लोखंडी तुकडा, तुटली होती आणि मॅग्नेट जागेवरून फिरून नटाखाली तिथंच घट्ट जाम झालं होतं, म्हणजे आता ते सरकत नव्हतं. ठिणगी भलत्या वेळी पडायची; किक उलटी मारायची ती त्यामुळेच. मंदारनं वरचं उघडलं, दोष खाली होता. मी T वर विसंबून किक मारली असती तर व्हॉल्व्ह वाकला असता. पिस्टनच्या हिशोबानं 'एक दात मागे' हीच बरोबर जागा होती.

नाना पेठेतून नवी चावी आणली, खुणा जुळवल्या, इंजिन गाडीवर चढवलं. थोड्या किका खाल्ल्या आणि गाडी सुरू झाली. अप्पा "नको, नको" म्हणत मागे बसले आणि आम्ही सोसायटीला एक चक्कर मारली.

चेन कोणी सरकवली, मला माहीत नाही. ऑफिसातल्या लोकांनी खूप डोकं लावलं, कोणाचंच उत्तर त्या घट्ट बोल्टांपुढे टिकलं नाही.

पुढे एका दुपारी मी पार्किंगमध्ये जाऊन ते गोल झाकण उघडलं. गरज काहीच नव्हती. T वर आणली आणि खूण पाहिली. खाचेसमोरच होती. नंतरही अधूनमधून पाहत राहिले. तसूभरही हललेली नाही. सगळं बरोबर आहे म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण ती सरकवायला आता कोणी येत नाही, हे शेवटी कळलं तेव्हा मी गाडीला टेकून रडले.